आमच्या अंगणातला रिकामा कॅमेरा

सिनेमा हा शब्द माझ्या सासूबाईंच्या तोंडून कधी एकटा निघायचा नाही. आधी ‘शी’, मग ‘सिनेमा’. जन्मात एकही सिनेमा पाहिला नव्हता, आणि तरी जगातले सगळे सिनेमे वाईट असतात याबद्दल त्यांची खात्री होती. अशी बाई ठाण्याच्या टॉकीजमध्ये पडद्यावर झळकली, हातात पळी घेऊन, आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं. मी हे सांगते तेव्हा नातवंडं म्हणतात, आजी, काहीही हं! अरे, काहीही काय? मी स्वतः बघितलंय, तिसऱ्या रांगेत बसून.

माझं माहेर कल्याणचं, सासर ठाण्याचं, टेंभी नाक्याच्या जवळ. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं. वडील शाळामास्तर. मुलीच्या लग्नात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, की हिची मॅट्रिक राहिली आहे, तेवढी होऊ द्या. माझं शेवटचं वर्ष व्हायच्या आतच स्थळ आलं, चांगलं होतं, वडिलांना नाही म्हणवेना. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, “बघू.”

या ‘बघू’चा अर्थ कळायला मला सासरी यावं लागलं. भाजीवाला म्हणाला, ताजी वांगी घ्या, की सासूबाई ‘बघू’ म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मोठ्या जावेनं पाटल्या मोडून नवीन घडणीच्या करू का विचारलं, तिलाही ‘बघू’. ती बिचारी त्याच पाटल्या घालून म्हातारी झाली. माझी पुस्तकांची पेटी आल्या आल्या माळ्यावर गेली ती गेलीच. बाहेरून परीक्षेला बसता येतं, मला शाळेत जायचीसुद्धा गरज नव्हती. सकाळचे दोन तास मिळाले असते तरी पुष्कळ होते. पण सकाळचे दोन तास म्हणजेच सकाळचा स्वयंपाक, आणि तो सुनेचा. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “आईला विचार.” मामंजी वकील, कोर्टात भल्याभल्यांना गप्प करायचे, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की त्यांची वकिली संपायची.

मला शिकायचं होतं. त्यात मोठं कारण वगैरे काही नव्हतं. भूमिती मला आवडायची, एवढंच. भाकरी थापताना मी मनातल्या मनात प्रमेयं म्हणायचे आणि भाकरी करपवायचे.

तर हा सिनेमा आमच्या घरात कसा शिरला ते सांगते. मामंजींच्या एका जुन्या अशिलाचा पुतण्या सिनेमाकंपनीत होता. तो एके दिवशी येऊन म्हणाला, आम्हाला एका दिवसापुरता तुमचा ओटा आणि अंगण पाहिजे. आमच्या अंगणात विहीर होती, तुळशीवृंदावन होतं, प्राजक्ताचं झाड होतं, त्याला ते सगळं फार पसंत पडलं. मामंजी नाटकाचे वेडे. त्यांनी हो म्हणून टाकलं आणि मग सासूबाईंना सांगायची वेळ आली तेव्हा घसा खाकरायला लागले.

“शी, सिनेमा! माझ्या दारात?”

“अगं, हा तसला नाही. विनोदी आहे. सिनेमावाल्यांचीच टिंगल आहे त्यात. एक भुरटा माणूस डायरेक्टर असल्याचं सोंग आणतो आणि लोकांच्या घरात शिरून रडका सिनेमा काढतो, अशी गोष्ट आहे.”

“म्हणजे हे लोक स्वतःचीच थट्टा करून पोट भरतात? धन्य आहे!” सासूबाई म्हणाल्या. पण इतका वेळ त्या ऐकत होत्या, याचाच अर्थ मामंजी अर्धी लढाई जिंकले होते. शेवटी अटी घालून परवानगी मिळाली. चपला घालून ओट्यावर चढायचं नाही, तुळशीजवळ विडी ओढायची नाही, आणि घरातल्या सुनेनं पुढच्या दारी यायचं नाही. शेवटची अट त्यांना नव्हे, मला होती.

शूटिंगच्या दिवशी मामंजी आणि हे नाइलाजानं कामावर गेले. मामंजींची कोर्टातली तारीख आणि ह्यांचे साहेब त्या दिवशीच आडवे आले. थोरले दीर नोकरीनं परगावी, जाऊबाई बाळंतपणाला माहेरी. म्हणजे घरात आम्ही दोघीच. रस्त्यावर ही गर्दी जमलेली, पण फाटक बंद करून कंपनीची दोन धिप्पाड माणसं उभी होती, आत कुणाला सोडत नव्हती. मी माजघराच्या खिडकीच्या जाळीला नाक लावून बसले.

पहिला घोटाळा डायरेक्टरचा झाला. एक माणूस होता उंच, डोक्यावर हॅट, तोंडात चिरूट, हातात भोंगा. नुसता ओरडत होता. सासूबाईंनी त्याला बघितलं आणि ठेवणीतला कानवाला कप काढून त्याच्यासाठी चहा पाठवला. आणि आमच्या धुण्याच्या दगडावर एक बुटका माणूस मळक्या लेंग्यात शेंगदाणे खात बसला होता. त्याला त्या म्हणाल्या, “अरे, नुसता बसलायस काय? तो हंडा भर जरा. तुमच्याच लोकांना चहाला पाणी लागतंय.” तो मुकाट्यानं उठला आणि विहिरीवरून हंडा भरून आणला.

आता तुम्ही ओळखलंच असेल. हॅटवाला हा सोंग आणणारा डायरेक्टर, म्हणजे नट. आणि हंडा भरणारा तो खरा डायरेक्टर! कंपनीतल्या एका बाईनं खिडकीशी येऊन मला हळूच सांगितलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबून हसले. सासूबाईंना सांगायला जाणार होते, पण हिंमत झाली नाही. म्हटलं, राहू दे, त्यांना ठाऊक नाही तेच बरं.

दुसरा घोटाळा कॅमेऱ्याचा. अंगणाच्या मध्ये तीन पायांवर एक भलंमोठं काळं धूड उभं केलेलं होतं. सासूबाई संशयी. त्या सरळ त्याच्याजवळ गेल्या आणि बोटानं टकटक करून बघितलं. लाकडाचं! “आत काय आहे रे?” त्यांनी विचारलं. तिथल्या माणसानं हसत झाकण उघडून दाखवलं. आत कोणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला. सोंगाड्या डायरेक्टरचा सोंगाड्या कॅमेरा. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मला येऊन म्हणाल्या, “सगळं खोटं आहे गं. कॅमेरासुद्धा रिकामा. उगाच घाबरत होते मी.” खरा कॅमेरा पलीकडे प्राजक्ताखाली होता, काळं कापड पांघरून, जरा लहानसा. ते त्यांना बत्तीच्या सामानातलं काहीतरी वाटलं.

मग मुहूर्ताचा प्रसंग आला. गोष्टीत असं होतं की तो सोंगाड्या कॅमेऱ्यापुढे नारळ फोडायला जातो आणि नारळ काही फुटत नाही, त्याची फजिती होते. पण कोकणातला नारळ तो! दगडावर आपटला की फट्कन दोन भकलं. पुन्हा दुसरा आणायचे, पुन्हा फट्. बुटका दगडावर बसून कपाळाला हात लावतोय, हॅटवाला हळू आपटायला बघतोय, आणि नारळ आपले फुटतायत. माणसं हसून हसून बेजार. सासूबाईंना मात्र ते खोबरं मातीत पडलेलं बघवेना. पदर खोचून त्या गेल्या आणि सगळी भकलं परातीत गोळा करून आत आल्या. “माजलेत मेले! घे, खव हे. वड्या करू, त्यांनाच खायला घालू.”

झालं. माझी खिडकी सुटली. मागच्या पडवीत मी खवणीवर बसले, शेजारी पातेलं स्टोव्हवर. त्या स्टोव्हचा आवाज असा भसाभसा, की पुढे तोफ उडाली असती तरी मला ऐकू आली नसती. मी खवत होते, ढवळत होते आणि चडफडत होते. आयुष्यात एकदा घरी सिनेमा आला आणि माझ्या वाट्याला त्यातलं खोबरं!

वडीचं मिश्रण घट्ट व्हायला आलं असेल, तेवढ्यात स्टोव्हच्या वरताण ओरडा ऐकू आला. सासूबाईंचा! मी धावत खिडकीशी गेले. बघते तर हातात पळी घेऊन सासूबाई अंगणात, आणि तो हॅटवाला एकेक पाऊल मागे सरकतोय. सरकता सरकता त्याचा पाय हंड्यात गेला, हॅट उडून विहिरीत पडली आणि तो धप्पकन खाली बसला. कुणी हसलं नाही, सगळे चित्रासारखे उभे. मग बुटक्यानं हात वर केला आणि काय गडगडाट झाला हशाचा! मला वाटलं, आता पोलीस येणार.

सासूबाई आत आल्या त्या नाकाचा शेंडा लाल करूनच.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“काही नाही. दोन शब्द सुनावले. तू वडी ढवळतेस ना? लागेल ती खाली.”

यापुढे अक्षर नाही. ती कंपनीतली बाई निघताना मला एवढंच म्हणाली, की त्या रडक्या सिनेमातली सासू सुनेच्या हातातलं पुस्तक हिसकावून चुलीत टाकते असा प्रसंग चालला होता, आणि तुमच्या सासूबाई मधे शिरल्या. काय बोलल्या ते विचारीपर्यंत तिला हाक आली आणि ती गेली.

संध्याकाळी सगळ्यांनी वड्या खाल्ल्या. बुटक्यानं निघताना सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला, “कामसू आहेस हो. असाच राहिलास तर स्वतःचं हॉटेल काढशील.” तो म्हणाला, “आपल्या तोंडात साखर पडो.” मी आतल्या आत मरत होते हसून.

काही महिने उलटले. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, आणि माझी पेटीही माळ्यावर तशीच. त्या वर्षीची परीक्षा हुकली, पुढचीही हुकेल असं दिसत होतं. दिवाळीला वडील कल्याणहून आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माळ्याकडे बघितलं, आणि चहा पिऊन निघाले. तोंडानं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते गेल्यावर मी मागच्या दारी जाऊन रडले. हिय्या करून त्या रात्री सासूबाईंना पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. “बघू,” म्हणाल्या.

आणि मग एका सकाळी आमची कोळीण आली. खाडीकडून रोज यायची, टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधी भांडायला सुरुवात, कारण सासूबाईंचा भाव आणि तिचा भाव यात नेहमी खाडीएवढं अंतर. त्या दिवशी ती आली ती हसतच. ओट्यावर फतकल मारून बसली आणि हसायलाच लागली.

“काय गो झालं तुला?” सासूबाई म्हणाल्या.

“बाय, तुमी सिनेमात हाव! काल आमी सगली गेलो व्हतो. मोठ्या पडद्यावं तुमी, ही एवढी पली घेऊन! काय बोलली गो माजी बाय, काय बोलली!”

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. “मी? अगं पण तो कॅमेरा रिकामा होता! मी आत बघितलं होतं, डबा होता त्यात!”

“तुमी बोललाव ना, का माजी सून—”

“पापलेटं कशी दिलीस?” सासूबाई एकदम ओरडल्या. कोळणीनं सांगितलेल्या भावानं, घासाघीस न करता, त्यांनी सगळी टोपली घेतली आणि तिला फाटकापर्यंत पोचवून आल्या. इतक्या वर्षांत असं झालेलं नव्हतं. कोळीण जाताना मागे वळून वळून बघत होती, बाय आजारी तर नाही ना म्हणून. आम्ही तीन दिवस मासे खाल्ले.

मामंजींना बातमी कोर्टात कळलेली. ते संध्याकाळी तिकिटं खिशात घालूनच आले. सासूबाईंनी काय काय केलं नाही! डोकं धरलं, मग पोट धरलं, मग म्हणाल्या, तुम्हीही जायचं नाही, घराण्याची अब्रू आहे. मामंजी टोपी घालत म्हणाले, “अब्रू गावानं बघितली, आता आम्हीही बघतो.” आम्ही फाटकाबाहेर पडलो तशा त्या मागून चपला घालत आल्या. मला वाटलं, हौस आली असेल. तोंड बघितलं तर फाशी द्यायला नेत असल्यासारखं.

सिनेमा काय धमाल होता म्हणून सांगू! ते चिरूटवाले डायरेक्टर, ते ग्लिसरीन डोळ्यांत घालून रडणारे नायक, ती दर गाण्याला साडी बदलणारी विरहिणी. मामंजी मांडीवर थापा मारत होते. नारळाचा प्रसंगही होता. बुटक्यानं तो बदलून टाकलेला. नारळ एकामागून एक फुटतायत आणि सोंगाड्या घाबरत चाललाय, असा. आणि पदर खोचून भकलं गोळा करणाऱ्या सासूबाई! थिएटर कोसळलं हसून. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि माझा हात घट्ट धरला. त्यांनी माझा हात धरल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

मग तो प्रसंग आला. आमचा ओटा. हॅटवाला भोंग्यातून ओरडतोय, “टाक! टाक पुस्तक चुलीत! सासू आहेस ना तू?” आणि माजघराच्या दारातून माझ्या सासूबाई, पळी घेऊन.

“खबरदार! माझ्या दारात पुस्तक जाळतोस? सासवा अशा असतात होय रे मेल्या? कुणी सांगितलं तुला? माझी सून मॅट्रिकला बसणार आहे या वर्षी! सकाळचा स्वयंपाक मी करते आणि ती अभ्यासाला बसते. भूमितीत हुशार आहे ती, भाकऱ्या करपवते पण प्रमेयं म्हणते! दाखव की तुझ्या सिनेमात असली सासू!”

हॅट विहिरीत पडली, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, बायकांच्या बाजूनं तर शिट्टीसुद्धा आली. मला पुढचं काही दिसलं नाही. माझे डोळे भरून वाहत होते. ही बाई माझी प्रमेयं ऐकत होती! रोज, चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून, ऐकत होती.

सिनेमा सुटल्यावर मामंजी ह्यांना घेऊन मुद्दाम पुढे चालायला लागले. आम्ही दोघी तलावाच्या कडेनं मागून.

“तो कॅमेरा रिकामा होता गं,” सासूबाई म्हणाल्या. “मी बघितलं होतं.”

“हो.”

“खोटं बोलले मी. परका माणूस दारात उभा राहून सासवांना नावं ठेवायला लागला, तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, ऐकतंय कोण?” थोडं चालल्या. “मग घरात येऊन तुला खोबरं ढवळताना बघितलं आणि लाज वाटली. म्हणून सांगितलं नाही.”

मी म्हटलं, “छान बोललात पण.”

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “पेटी उद्या काढ माळ्यावरून. झुरळं लागली असतील पुस्तकांना.”

दुसऱ्या दिवशी मी उठले तर चूल पेटलेली होती. मी हात लावायला गेले तर सासूबाईंनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. मग काय विचारता! आता त्यांना माघार घ्यायची सोयच उरली नव्हती. अख्खं ठाणं त्यांच्या पाळतीवर. कोळीण रोज टोपली उतरवताना विचारायची, “परीक्षा कवा हाय सुनंची?” हळदीकुंकवाला गेल्या की बायका विचारायच्या, अभ्यास कुठवर आला? सासूबाई तोऱ्यात सांगायच्या, “बीजगणित झालं, इतिहास चाललाय.” आणि घरी येऊन मला, “इतिहास चाललाय ना गं? मी सांगून आलेय, हं!” शेजारीण सकाळची विरजण मागायला आली तर तिला ओट्यावरूनच परत, ‘आमच्याकडे अभ्यास चाललाय’. माझ्याआधी माझी प्रमेयं त्यांना पाठ झाली. मी अडखळले की चुलीकडून आवाज यायचा, “अगं, कोनदुभाजक!”

परीक्षेचं केंद्र कल्याणला आलं. मी माहेरीच उतरणार होते, सोबतीची गरज नव्हती, तरी सासूबाई आल्याच. सगळं कल्याण बघतंय अशा थाटात माझ्या वडिलांच्या पुढे पुढे चालत मला शाळेपर्यंत घेऊन आल्या. वडील मागून दप्तर सावरत, हसू दाबत.

फाटकाशी मुलींच्या आया उभ्या होत्या. त्यांतली एक सासूबाईंकडे टक लावून बघायला लागली. जवळ आली, पुन्हा बघितलं. “अहो, तुम्ही त्या सिनेमातल्या का? पळीवाल्या सासूबाई?”

इतके महिने या प्रश्नावर सासूबाई ‘शी’ म्हणत आलेल्या. त्या दिवशी त्यांनी पदर नीट केला, माझा दंड धरून मला पुढे ओढलं आणि चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“हो, मीच ती. आणि ही बघा माझी सून.”